शिडीवरचा पाय

घारोबाला साखरेचा आजार आहे, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. क्रेनच्या उंच केबिनमध्ये बसून सत्तावीस वर्षं खालच्यांवर घारीसारखी नजर ठेवली, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. साखर आहे म्हटलं की केबिन काढून घेतात. म्हणून त्याने बायकोला दमच भरला होता, तुझ्या भावालाही कळता कामा नये. हा भाऊ, म्हणजे घारोबाचा मेहुणा, सकाळभर क्रेनखाली काम करायचा आणि रोज दुपारी त्याची जागा घ्यायला वर चढायचा.

गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचंच, नाहीतर साखर एकदम खाली येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खिशात साखरेची पुडीही ठेवायला सांगितली होती. ती त्याने चार दिवस ठेवली, केबिनमध्ये मुंग्या झाल्या, दिली फेकून. गोळीचं मात्र त्याने पक्कं बसवलं होतं. मेहुण्याने शिडीवर पाय ठेवला की गोळी तोंडात. तो वर येऊन, आपण उतरून हात धुवेपर्यंत जेवायची वेळ बरोबर साधायची. तीन वर्षं साधली.

त्या दिवशी मेहुण्याने पाय ठेवला, घारोबाने गोळी गिळली, आणि मुकादमाने मेहुण्याला माघारी बोलावलं. ट्रक घाईत होता, तुळया बांधायला माणूस हवा होता. घारोबा वरच राहिला. आत्ता संपेल, मग संपेल करत सवा तास गेला. अंगाला घाम फुटला, हात थरथरायला लागले, खालची माणसं दोन दोन दिसू लागली. आणि लटकत्या तुळईच्या बाजूलाच मेहुणा उभा.

बोललं तर केबिन गेली. जाऊ दे मेली, असं म्हणत त्याने डाव्या हाताने उजवा हात धरला आणि तुळई इंचाइंचाने जमिनीला टेकवली. मग वायरलेसवर सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला साखर आहे. गोळी घेतलीय, जेवलो नाही. कुणीतरी वर या."

मेहुणाच धावत आला. खालून आणलेला भरपूर साखर घातलेला चहा त्याने घोट घोट पाजला. घारोबाला तरतरी आल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, तीन वर्षं मी तुमच्या ओझ्याखाली उभा राहिलो."

घारोबाला फार लाज वाटली.

आता तो सामानाच्या खोलीत बसतो. दुपारी वर जाण्याआधी मेहुणा दाराशी येऊन थांबतो. घारोबाने डबा उघडून पहिला घास घेतल्याशिवाय तो शिडीवर पाय ठेवत नाही. बोलत मात्र अजून नाही.