बाविसाव्या मिनिटाला दमणारं इंजिन

ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी सात. हँगरमध्ये हजर: कॅप्टन राणे, आमचे इन्स्ट्रक्टर. सोपानमामा, पेट्रोल भरणारे. भाऊ, फ्लाइंग स्कूलचे मालक. सायली, इनामगावची विद्यार्थिनी. आणि मी, विमानाची देखभाल करणारी इंजिनीअर. दोन सीटचं विमान समोर उभं, इंजिनावरचं झाकण काढलेलं. कार्बोरेटर माझ्या टेबलावर, सुटा करून.

"गुरुवारी सोलो आहे मॅडम," भाऊ म्हणाले. "तिचे वडील दोन जीप भरून माणसं आणतायत. जेवणाचं सांगून झालंय."

"इंजिनाला सांगा," मी म्हणाले.

सोलो म्हणजे शेजारी इन्स्ट्रक्टर नसताना विद्यार्थ्याने घेतलेली पहिली भरारी. आमची पद्धत अशी, की आधी इन्स्ट्रक्टर सोबत दोन-तीन फेऱ्या मारतात, सगळं ठीक वाटलं की इंजिन चालू ठेवूनच खाली उतरतात आणि विद्यार्थी एकटा जातो. तक्रार अशी होती: शनिवारी आणि सोमवारी दोन्ही वेळा उड्डाणाच्या वीस-बावीस मिनिटांनी इंजिन दमलं होतं. इंजिनाचे मिनिटाचे फेरे तेवीसशेवरून एकोणीसशेवर. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेतला की सावरायचं. जमिनीवर मात्र घड्याळासारखं चालायचं. मी वहीत मिनिटं मांडून पाहिली. गुरुवारी बाविसावं मिनिट येणार होतं ते सायली एकटी असताना. खाली दौंडपर्यंत पुरुषभर उंचीचा ऊस. त्यात विमान उतरत नाही, कोसळतं.

ते उड्डाणयोग्य आहे, अशी सही मला करायची होती.

मी आधी कॅप्टनना नेहमीचे प्रश्न विचारले, मग त्यांनी मला विचारलं, "शेवटचं नीट उडालं ते दसऱ्याच्या आधी. तेव्हापासून कोणी विमानाला हात लावला?"

वही उघडली. दसऱ्याची सुट्टी, त्यानंतर काही काम नाही. "कोणी नाही," मी म्हणाले.

पहिला संशय पाण्याचा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी टाकीच्या तळाशी बसतं. तळाच्या नळीतून बाटलीभर पेट्रोल काढून उजेडात धरलं. स्वच्छ. दुसरा संशय बर्फाचा. ऑक्टोबरात बर्फ म्हटलं की लोक हसतात. पण कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळताना आतली हवा एकदम गार होते, आणि उसाला पाणी सुटलेलं असताना सकाळची हवा ओली असते. आत बर्फाचा थर धरतो. त्यासाठी गरम हवा सोडायचा एक लिव्हर असतो. कॅप्टन म्हणाले, "दोन्ही वेळा ओढला. ढिम्म."

म्हणून कार्बोरेटर उतरवला. जुन्या स्कूटरचा असतो तसाच, फक्त मोठा. आत पेट्रोलची वाटी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, फ्लोटच्या जोरावर पेट्रोल सोडणारी नि अडवणारी सुई. सुई किंचित झिजली होती. मला हायसं वाटलं. कारण सापडलं की भीती निम्मी होते. सुई बदलली, सगळं धुतलं, जोडलं. दुपारी बारा मिनिटं इंजिन चालवून पाहिलं. त्याहून जास्त जमिनीवर चालवलं तर तापतं. एकदाही अडखळलं नाही.

"मग करा सही," भाऊ म्हणाले.

"उद्या मी बसून जाते. मग करते."

"तुम्ही कशाला? कॅप्टन आहेत की."

"सही कॅप्टनची नाही."

बुधवारी सकाळी सोपानमामांनी शिडी लावून, झाकण उघडून, काठीने पेट्रोल मोजलं. दोन्ही टाक्या भरलेल्या. सायली पट्टीच्या कडेला उभी राहिली. तिला मी सांगितलं होतं, "बघ आणि शीक." खरं तर ती जवळपास असली की माझा हात चुकत नाही.

ठरलं होतं, धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालायच्या. मी मांडीवर वही धरली. पाच मिनिटं, दहा, पंधरा. सगळे काटे जागच्या जागी. सतराव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मी श्वास मोजून घेते आहे. विसाव्याला कॅप्टन म्हणाले, "सुईच होती बहुतेक." त्यांनी भीमेच्या बाजूला जरा लांब वळण घेतलं.

बाविसाव्या मिनिटाला आवाज बदलला. बंद पडला नाही. कोणी घसा आवळावा तसा बारीक झाला.

कॅप्टननी गरम हवेचा लिव्हर ओढला. काही नाही. थ्रॉटल मागे घेतला, पुढे नेला. दोनदा ठोका, आणि मग नुसता वारा. समोरचा पंखा फिरत होता, पण वाऱ्याने.

"पट्टी दिसतेय?" त्यांनी विचारलं.

"दिसतेय."

"तिच्यावरून नजर काढू नका."

दिसत होती, पण रोजच्यापेक्षा लांब, आणि मध्ये ऊस. इंजिन नसलेलं विमान दगडासारखं पडत नाही, घसरगुंडीवरून यावं तसं येतं. हे मी कितीतरी मुलांना शिकवलं आहे. त्या वेळी मला ते अजिबात पटत नव्हतं. उसाची पानं वेगवेगळी दिसू लागली. विहिरीच्या मोटारीवर वाळत घातलेला एक निळा सदरा दिसला. मला एवढंच सुचत होतं, की उद्या या जागी ती एकोणीस वर्षांची मुलगी असती आणि शेजारची सीट रिकामी असती. चाकं पट्टीच्या टोकाच्या गवतात टेकली, मग डांबरावर आली.

वहीत '२२ मि.' एवढं लिहिलेलं होतं. खालची ओळ मलाही वाचता येत नाही.

आम्ही उतरून उभे राहिलो. सोपानमामा सवयीने शिडी घेऊन आले, चढले, टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स. प्रेशर कुकरची शिटी सोडताना होतो तसा आवाज, पण उलटा. हवा आत ओढली जात होती.

"मामा, हा आवाज रोज येतो?"

"शनवारपासनं येतोय ताई. लई येळ उडून आलं की टाकी सुस्कारा टाकती."

"सांगितलं का नाही?"

"तुम्ही समद्यास्नी कारबोरेटरचं इचारत व्हता. टाकीचं मला कोनी इचारलं?"

गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल थांबत थांबत येतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. विमानाच्या टाकीलाही असं दुसरं भोक लागतं. डाव्या पंखाखाली करंगळीएवढी नळी असते, तिच्यातून दोन्ही टाक्यांत हवा जाते. ती तुंबली तर पेट्रोल उतरत जातं तशी टाकी आतून ओढून धरते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. वेळ पडली तर उजव्या टाकीच्या झाकणातली एक रबरी झडप हवा आत घेते. आमची झडप म्हातारी होऊन चिकटली होती. आणि दर वेळी इंजिन चालवण्याआधी मामा झाकण उघडत, टाकी श्वास घेई, म्हणून जमिनीवर सगळं छान. मी दोन दिवस उपाशी माणसाचं पोट तपासत होते.

नळीला तोंड लावून फुंकलं. हवा जाईना. तांब्याची तार घातली. बाहेर आला तो दीड इंचाचा देठ, काळा, फुगलेला. झेंडूचा.

मग मला आठवलं. खंडेनवमीला हँगरमध्ये पूजा होती. यादी माझीच: पंख्याच्या पात्याला हार नको, काचेला कुंकू नको, वेग मोजायच्या नळीचं लाल कव्हर काढायचं नाही. सायलीच्या वडिलांनी शेतातली फुलं पाठवली होती. पंखावर ठेवलेलं फूल सारखं घसरत होतं. खाली एक नळी दिसली. मी स्वतः तिच्यात ते खोचलं. दुसऱ्या दिवशी काढताना फूल हातात आलं. मला वाटलं, सगळं आलं.

"कोणी हात लावला नाही म्हणाला होतात," कॅप्टन म्हणाले.

"पूजा कामात धरली नाही मी."

"कोणीच धरत नाही," ते म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

नळी साफ केली. झाकण बदललं. दुपारी पुन्हा दोघं चाळीस मिनिटं उडालो. इंजिन एकदाही दमलं नाही. सही केली. गुरुवारी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, सायलीसमोरही: फूल मी खोचलं होतं. लपवलं असतं तर तिने यापुढे कुठल्याही इंजिनीअरच्या सहीवर विश्वास का ठेवावा?

जीप आल्या. सायलीने विमानाभोवती तपासणीची फेरी मारली. डाव्या पंखाखाली वाकली, नळीवर बोट ठेवलं, फुंकर मारली, पुन्हा मारली. मग कॅप्टनजवळ आली. "सर, आज तुमच्यासोबतच जाते."

भाऊंचा चेहरा उतरला. "अगं, माणसं आलीयेत."

तिचे वडील पुढे झाले. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. "मेंढरूबी नदीत वढून घालता येत न्हाई भाऊ," ते म्हणाले. "त्याचं त्ये उतरंल तवा उतरंल. चला, जेवाय बसू."

धडा एवढाच: बिघाड शोधताना काय दुरुस्त केलं हे विचारू नये, काय काय केलं हे विचारावं. आणि ते झाकण उघडणाऱ्या माणसाला आधी विचारावं.

त्याला आता महिना झाला. सायली रोज कॅप्टनसोबत उडते, छान उतरवते, एकटी जात नाही. माझ्या वहीतली स्थिती: नळीच्या तोंडाला जाळी, झाली. झडपेची सहामाही तपासणी, लावली. पूजेनंतर पूर्ण फेरी, यादीत घातली. सायलीचा सोलो, बाकी. दर सोमवारी नवं पान सुरू करते तेव्हा ही ओळ तेवढी उतरवून घेते.