नाव नसलेली लेकरं

सत्यशीला रामटेके हिचा फॉर्म कधी परत आला नाही. आरमोरीच्या आसपासच्या बारा गावांत चौघीजणी सर्व्हे करत होत्या. बाकी तिघींचे गठ्ठे लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन नागपूरहून परत यायचे, हिच्या एकाही कागदात चूक निघायची नाही. विधवा बाई, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. आपला कागद परत येत नाही याचा तिला भारी अभिमान होता, आणि तोच पुढे तिच्या मुळावर आला.

साल सत्याऐंशी. नागपूरच्या एका संस्थेनं कम्प्यूटर आणला होता. लहान लेकरं कशानं आजारी पडतात, कोणती वाचतात, कोणती दगावतात, हे घरोघर विचारून फॉर्म भरायचे, ते त्या मशीनला द्यायचे, आणि कोणतं लेकरू दवाखान्यात न्यायचं ते मशीननं सांगायचं. फॉर्मचा पहिला चौकोन बाळाच्या नावाचा. सुपरवायझर भैयाजीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नाव नाई त मशीन फॉर्म घेत नाई, बाई. कायले कागद खराब करता?"

आता इकडे कोणाच्या घरी बारसं होई, कोणाच्या घरी बुद्धवंदना घेऊन नामकरण. पण बाराव्या दिवसाआधी नाव कोणीच ठेवत नसे. त्याआधी गेलेलं लेकरू बिननावाचंच जाई. अशा घरी सत्यशीला बसायची, पाणी प्यायची, मान फिरवून बोलणाऱ्या आईचं सगळं ऐकायची, डोळे पुसायची आणि कोरा फॉर्म पिशवीत परत ठेवायची. मायेत ती कुठं कमी पडली नाही. कमी पडली ती कागदात.

दोन वर्षांनी नागपूरहून छापील तक्ता आला. प्रत्येक लक्षणाला गुण दिलेले. ताप असेल तर तीन, धाप असेल तर चार. बेरीज सहाच्या वर गेली की लेकरू दवाखान्यात न्यायचं, नाहीतर घरीच सांभाळायचं. अकराशे लेकरांचे फॉर्म वाचून मशीननं काढलेला तक्ता! सत्यशीलानं स्वतः खळ शिजवून तो बाराही गावांत भिंतींवर चिकटवला.

धानाच्या मळणीच्या दिवसांत तिच्या बहिणीची मुलगी चंदा तिच्याकडेच बाळंत झाली. बहीण वारलेली, त्यामुळे चंदाचं माहेर म्हणजे ही मावशीच. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दूध ओढणं सोडलं. सुईण गुणाबाईनं त्याच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"सत्यशीला, लेकरू थंड पडून राह्यलं. बंडी जुंप, आरमोरीच्या दवाखान्यात ने."

सत्यशीलानं भिंतीवरचा तक्ता पाहिला. दूध ओढत नाही, एक. अंग थंड, एक. ताप नाही, धाप नाही. "गुणाबाई, दोनच गुण येते. इतक्या थंडीत त्याले बंडीत कायले हालवाचं?"

"माह्या हातची चवदा लेकरं अशीच थंड होऊन गेली. तुह्या मशीनले हाय का ते ठाऊक?"

"असतीलच की. अकराशे लेकरं हायेत त्याच्यात."

असं म्हणाली खरी, पण ते 'असतीलच' दिवसभर तिला खटकत राहिलं. चंदा पुन्हापुन्हा विचारत होती, "मावशी, तक्ता बरोबर हाय न?" आणि ती हो म्हणत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी न राहवून तिनं पेटी उघडून भरलेल्या फॉर्मांची यादी काढली. गावातल्या रुखमाचं लेकरू शोधलं. ते पाचव्या दिवशी गेलं होतं. यादीत नव्हतं. कमलाची जुळी शोधली. नव्हती. गुणाबाईच्या चौदांपैकी एकही नव्हतं. कुठून असणार? कोरे फॉर्म तिनंच तर पिशवीत परत ठेवले होते! थंड पडलेली जी लेकरं मशीननं पाहिली, ती बाराव्या दिवसापार जगलेलीच होती. मग त्या बिचाऱ्यानं अंग थंड पडण्याला एकच गुण दिला.

ती अनवाणीच खळ्यावर धावली, शेजारच्या पोचूचे बैल मळणीतून सोडवले, बंडी जुंपली. चंदानं बाळाला पदरात गुंडाळून छातीशी धरलं होतं, गुणाबाई तिच्या शेजारी बसली. आरमोरी कोसभर राहिली तेव्हा गुणाबाईनं त्याच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि पोचूला बैल थांबवायला सांगितलं.

आठवडा गेला. सत्यशीला फॉर्म घेऊन चंदाजवळ बसली.

"नाव सांग, माय."

"आता नाव ठेवून काय करतं?"

"नाव नाई त त्याची मोजदाद नाई."

चंदानं कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सुगत ठेवू म्हणलो होतो."

सत्यशीलानं ते पहिल्या चौकोनात लिहिलं. अक्षर तेवढं मोत्यासारखं आलं नाही. मग ती रुखमाकडे गेली, कमलाकडे गेली, प्रत्येक घरी आईकडून नाव मागून घेतलं, आणि जाईल त्या गावात भिंतीवरचा तक्ता नखांनी खरवडून काढला. सदतीस फॉर्म झाले.

भैयाजी मोटरसायकलवर आला. गठ्ठा हातात तोलून म्हणाला, "बाई, हे आता पुढच्या वर्षीच्या हिशोबात घेतील. तक्ता त छापून झाला."

"साहेब, तो चुकला हाय."

"मी सांगतो त्याईले," तो म्हणाला, आणि गठ्ठा कॅरिअरला बांधू लागला. तिथं आधीच एक मोठा गठ्ठा होता. राजुऱ्याकडच्या गावांत चिकटवायचे नवे तक्ते. सत्यशीलाचे सदतीस फॉर्म त्यानं त्यांच्यावर ठेवले आणि दोन्ही एकाच दोरीनं आवळले.