मिठाचं पाणी आणि सहाचा रिपोर्ट

आमचं शेवटचं पोस्टिंग टार्निटला झालं. टार्निट मेलबर्न शहराच्या एका टोकाला आहे. पोस्टिंग हा माझ्या मिस्टरांचा शब्द. ते पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी काही वर्षं छावणीतल्या फॅमिली क्वार्टर्समध्ये राहिले, बाकीची गावी सासूसासऱ्यांपाशी. सैनिक ते होते, मी नव्हते. पण टार्निटच्या एका खोलीत जे सात दिवस गेले, ती ड्युटी माझी होती. यांनी सांगितलंय, आधी वेळ लिहायची, मग काय झालं ते लिहायचं. आपल्याला काय वाटलं ते शेवटी, जागा उरली तर.

मार्चमध्ये आम्ही तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलो. नितीन कॉम्प्युटरचं काम करतो. सून अश्विनी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स आहे. नात इरा तेव्हा सात वर्षांची होती. आम्ही आल्यावर थोड्याच दिवसांत विमानं बंद झाली. परतीचं तिकीट रद्द झालं. जुलैत लॉकडाऊन परत लागला आणि ऑगस्टमध्ये आणखी कडक झाला. घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसाला एक तास, रात्री आठनंतर बाहेर नाही.

यांचं रूटीन बदललं नाही. पाचला उठायचं. सव्वापाचला दाढी. साडेपाचला गॅरेजमध्ये गाडीच्या बाजूला उरलेल्या जागेत पीटी. सातला चहा. दहाला मास्क लावून तळ्यापर्यंत चालणं. मी चार पावलं मागे. रस्त्यात कोणी "गुड मॉर्निंग" म्हटलं की हे उत्तर द्यायचे आणि मी खाली बघायचे. मला चौथीपर्यंत शाळा. इंग्रजी कळत नाही असं नाही, पण तोंडातून निघत नाही. खरं तर मराठीही चारचौघांत निघत नाही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ११४० वाजता अश्विनीला कामावरून फोन आला. तिच्या विंगमध्ये कोरोनाची केस निघाली होती. तिने टेस्ट केली. बुधवारी संध्याकाळी पॉझिटिव्ह आली.

नितीन गोंधळला. यांनी घराचे तीन भाग केले. अश्विनी मागच्या बेडरूममध्ये. नितीन आणि इरा मधे, हॉलमध्ये. आम्ही दोघं रस्त्याकडच्या खोलीत, तिला बाथरूम जोडून होती. या घरांत छतातल्या जाळ्यांतून सगळीकडे गरम हवा येते. एका खोलीतली हवा दुसरीत नको म्हणून ती बंद केली. आम्हाला एक छोटा हीटर मिळाला आणि एक किटली. जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवायचा, नितीन लांब गेला की मी दार उघडायचं. घरात बंद राहायचा सरकारी हुकूम चौदा दिवसांचा होता. आम्हाला लक्षणं नव्हती, म्हणून आमची टेस्ट अकराव्या दिवशी ठरली.

इराकडे खेळातले दोन वॉकीटॉकी होते. एक तिने आमच्या ट्रेमध्ये ठेवला. यांनी तिला बोलायची पद्धत शिकवली. रोज सकाळी आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हायचा.

"इरा टू आबा. हाउ आर यू? ओव्हर."

"फ्रंट रूम ऑल ओके. मागच्या पोस्टची खबर काय? ओव्हर."

"मम्मा इज स्लीपिंग. आय हॅड नूडल्स. अगेन. ओव्हर."

"दुसरं राशन येईपर्यंत तेच खायचं. कोई शक?"

"आबा, यू डिडन्ट से ओव्हर."

"सॉरी सर. ओव्हर."

मग ती आजीला बोलाव म्हणायची. हे सेट माझ्यापुढे धरायचे. मी मान हलवायचे. "आजी गप्प आहे, पण हजर आहे," असं हे सांगायचे.

खोलीला एकच खिडकी होती. समोर रस्ता, पलीकडे तसंच घर, त्याच्यापुढे लाल आणि पिवळ्या झाकणांचे कचऱ्याचे डबे. दुसऱ्या दिवसापासून मला झाकणं मोजायची सवय लागली. बिछान्यापासून खिडकीपर्यंत सहा पावलं होती. हे ती सकाळी एक तास चालायचे. मी पाय वर घेऊन बसायचे, त्यांना जागा व्हावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी यांनी मला हाक मारली नाही. चहाचा कप बोटाने दाखवला.

"घसा?" मी विचारलं.

"थोडा. गिळताना टोचतंय."

"नितीनला सांगते."

"सांगायचं नाही."

"अहो, पण..."

"सूनबाई आधीच तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलीय, माझ्यामुळे घरात आलं म्हणून. आता हे ऐकलं तर काय होईल तिचं?" मग थांबून म्हणाले, "आणि मला उचलून नेलं तर तिथे आपली भाषा कोणाला कळणार? घसाच आहे. घरी बरा होतो. ही ऑर्डर आहे."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. ऑर्डर मोडायची मला सवय नव्हती.

घशाचं मला सगळं येतं. तीन दीर आणि तीन नणंदांची मुलं मी वाढवली आहेत. एक कप कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर हळद. मान मागे टाकून वीस आकडे होईपर्यंत गुळणी घोळवायची, थुंकायची, कप संपेपर्यंत परत. दर तीन तासांनी. नंतर अर्धा तास तोंडात काही घ्यायचं नाही. मधल्या वेळात ज्येष्ठमधाची काडी गालात धरायची. झोपताना आल्याचा रस मधात कालवून. वाफ घ्यायची ती पाणी पातेल्यात ओतून, टॉवेलखाली, किटलीवर तोंड धरून नाही. गार पाणी बंद आणि बोलणं बंद. ज्येष्ठमध आणि हळद माझ्या बॅगेत होती. आलं आणि मध मी नितीनकडे चिठ्ठीवर मागितला. चहासाठी, असं लिहिलं.

गुळण्यांचा आवाज हॉलमध्ये जाऊ नये म्हणून मी नळ सोडून ठेवायचे. एकदा सेटवर नितीनचा आवाज आला.

"बाबा, दिवसाला किती आंघोळी चालल्यात? ओव्हर."

हे कुजबुजले, "स्वच्छता. ओव्हर." आणि माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. ते आता आठवलं की बरं वाटत नाही.

संध्याकाळी रिपोर्ट गेला. फ्रंट रूम ऑल ओके.

पाचव्या दिवशी घसा उतरला. आवाज परत आला. मला वाटलं, सुटलो. दुपारी हे बिछान्यावर टेकून बसले होते. मी मिठाचा कप धुवत होते. त्या कपाकडे बघत त्यांनी मला धोंडीरामची गोष्ट सांगितली. एकेचाळीस वर्षांत सांगितली नव्हती.

शिपाई धोंडीराम माण तालुक्यातला, बावीस वर्षांचा. पोस्ट बर्फात, फार उंचावर. हे तेव्हा नाईक होते, सेक्शन कमांडर. सेक्शनमध्ये आठ माणसं. रोज सकाळी सहाला खाली कंपनीला सेटवर रिपोर्ट द्यायचा. एक माणूस आजारी म्हणून खाली गेला की बाकीच्यांची पहाऱ्याची पाळी वाढते, म्हणून कोणी आजारी आहे असं म्हणायचं नाही. नियम तसा नव्हता. रीत तशी पडली होती.

धोंडीरामचा घसा धरला. खोकला होता. यांनी मेस टिनमध्ये बर्फ वितळवून मिठाचं पाणी केलं आणि त्याला दोन दिवस गुळण्या करायला लावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हे त्याला म्हणाले, "काय रे, कसं आहे?" तो म्हणाला, "घसा मोकळा झाला, उस्ताद." पण बोलताना मधेच थांबला. यांनी ते पाहिलं. सहाला रिपोर्ट दिला, सेक्शन ऑल ओके. नऊला तो उभा राहीना. तोवर ढग खाली आले होते. हेलिकॉप्टर मागवलं, ते येऊ शकलं नाही. एक वाजता धोंडीराम गेला. फुप्फुसात पाणी झालं होतं.

"सहाला आभाळ स्वच्छ होतं," हे म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं?"

"थांबला तो मधेच. ते पाहिलं होतं मी."

मग म्हणाले, "तिथे हवा पातळ. इथे तसं काही नाही." आणि पाय उचलून आडवे झाले. त्या दिवशी सहा पावलांचं चालणं झालं नाही. मी त्याला विश्रांती समजले.

सातव्या दिवशी १४१० वाजता बेल वाजली. त्या दिवसांत घरात बंद केलेली माणसं खरंच घरात आहेत का, हे बघायला फौजेतले लोक फिरायचे. खिडकीतून यांना ठिपक्यांचा युनिफॉर्म दिसला. हे उठले. स्वेटरची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला. दाढी सकाळीच झाली होती.

दोघं होते. नितीन काचेआडून त्यांच्याशी बोलला. मग त्यांतली मुलगी आमच्या खिडकीपाशी आली, पाच पावलांवर थांबली. पंचवीसची असेल.

"हाउ आर वी गोइंग, सर? एनी सिम्टम्स?"

"ऑल ओके, मॅडम."

"यू एक्स-आर्मी?" यांचं उभं राहणं बघून तिने विचारलं असावं.

"इंडियन आर्मी. ट्वेंटी-एट..." यांनी श्वास घेतला. "इयर्स."

"गुड ऑन यू, सर. टेक केअर."

डोक्यावर टोपी नव्हती म्हणून यांनी सॅल्यूट केला नाही. ती वळेपर्यंत सावधान उभे होते. गाडी गेली तसे बिछान्याच्या कडेवर बसले. हात गुडघ्यांवर. नखं जांभळट दिसत होती.

"घसा दुखतोय का?" मी विचारलं.

"नाही. घसा एकदम... मोकळा."

तेव्हा मला कळलं. गेले दोन दिवस मी घशाकडेच बघत बसले होते.

१४१८. मी टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला.

"खाली ठेव," हे म्हणाले.

"नाही."

"शांता. ऑर्डर आहे."

मी बटण दाबलं. "इरा, आजी बोलते. पप्पांना सांग. फ्रंट रूम ऑल ओके नाही. आबांना दम लागलाय. तिसऱ्या दिवसापासून घसा धरला होता. मी लपवलं. ॲम्ब्युलन्स बोलवा."

पलीकडून काहीच आलं नाही. मी परत तेच बोलले, मोठ्याने. मी बटण तसंच दाबून धरलं होतं, म्हणून उत्तर ऐकू येत नव्हतं. यांनीच हात पुढे केला आणि माझं बोट बटणावरून उचललं.

"...आजी? आजी, पप्पा इज कॉलिंग. आजी?"

ॲम्ब्युलन्स १४३९ ला आली. निळे गाऊन घातलेल्या दोघांनी यांच्या बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजनचा आकडा एक्याऐंशी आला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला बरोबर येता येणार नाही असं नितीनने दारातून सांगितलं. स्ट्रेचर बाहेर नेताना यांच्या तोंडावर मास्क होता. काही सांगायला म्हणून त्यांनी हात उचलला, पण दार बंद झालं.

माझीही टेस्ट पॉझिटिव्ह आली. मला नुसती चव गेली होती. त्या खोलीत मी आणखी दहा दिवस राहिले. सहा पावलं मीच चालायचे. हॉस्पिटलमधून रोज एकदा फोन यायचा, कधी दुपारी, कधी संध्याकाळी. फोनवर हिंदी बोलणारा दुभाष्या होता. त्याने सांगितलं, तुमचे मिस्टर कसं वाटतंय विचारलं की दर वेळी ठीक आहे म्हणतात, म्हणून आम्ही आता त्यांना विचारत नाही, मशीन बघतो. नितीन मला एवढंच म्हणाला, "आई, चार दिवस?" अश्विनी बरी होऊन बाहेर आल्यावर माझ्या दारापाशी जमिनीवर बसली. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ती. ती म्हणाली, "आई, तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर बाबा हाती लागले नसते."

हे हॉस्पिटलमधून अठराव्या दिवशी घरी आले. सात किलो वजन उतरलं होतं. बोलायला गेले की नुसती हवा यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात मागच्या अंगणात खुर्ची टाकली. यांनी अश्विनीला बोलावलं आणि कुजबुजत, थांबत थांबत, धोंडीरामचं सगळं सांगितलं. सहाचा रिपोर्ट खोटा होता, हेही. तुझं नाव पुढे करून मी लपवलं, खरं तर मी भ्यालो होतो, असंही सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातला चिमटा तसाच राहिला.

मग ती म्हणाली, "बाबा, आमच्या विंगमधले तिघं गेले. मी त्या खोलीत पडले होते तेव्हा. मला मेसेजवर कळलं. मी कोणाला बोलले नाही."

"तू आणलंस असं वाटतं?"

"कोणी आणलं ते कोणालाच माहीत नाही. पण रात्रीचं दूध त्यांना मी द्यायचे."

"नावं सांग," हे म्हणाले.

पुढच्या सकाळी सातला यांनी आम्हाला अंगणात उभं केलं. गवत ओलं होतं. नितीन, अश्विनी, इरा आणि मी एका ओळीत. हे समोर, काठी न घेता. ज्यांच्याजवळ शेवटी आपलं कोणी नव्हतं, त्यांची नावं मोठ्याने घ्यायची, असं ते रात्रीच म्हणाले होते. त्यांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. परत प्रयत्न केला. मग माझ्याकडे पाहिलं.

मी ओळीतून एक पाऊल पुढे आले. शेजारच्या कुंपणापलीकडे कोणीतरी डबा ओढत होतं. मी थांबले नाही.

शिपाई धोंडीराम. केन. मारिया. डोरोथी.

शेवटचं नाव माझ्याकडून चुकलं. अश्विनीने ते हळूच नीट सांगितलं, आणि मी ते पुन्हा घेतलं.