रिंग बसली तरच पाखरं

तीन पायांच्या कुठल्याच वस्तूवर त्रिंबकचा विश्वास नव्हता. चुलीच्या तीन दगडांकडंही हा माणूस वाकडं बघतो, असं त्याची बायको बानाबाई म्हणायची. पण ते तिचं लावून बोलणं. खरं कारण पैठण रोडच्या अंगाला होतं. तिथं त्याच्या मेहुण्याच्या रानालगत एक तीन पायांची घोडी उभी राहिली. घोडीवर यंत्र, यंत्राला डोळा लावलेला एक टोपीवाला. महिन्याभरात दगड रोवले, दगडांना लाल रंग लागला, आणि पुढच्या दिवाळीला तिथं एवढी लांब भिंत झाली की मेंढरांनी वळसा घालेस्तोवर दिवस कलायचा.

म्हणून दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, रविवारी सकाळी, गावच्या पाझर तलावाच्या बांधावर तशीच घोडी दिसली तेव्हा त्रिंबक मेंढरं सोडून तडक तिकडं निघाला. तलावात डबकं उरलेलं, डबक्याला लागून गायरान. त्याच्या साठ मेंढरांना तोंड लावायला तेवढीच जागा. ती गेली की मेंढरं बाजारात, आणि त्रिंबक संभाजीनगरात कुठल्यातरी नव्या सोसायटीच्या गेटवर, तोंडात शिट्टी घेऊन.

घोडीमागं पन्नाशीची एक बाई उभी होती. पायात बूट, हातात वही.

"काय करायलात बाई?"

"मोजतेय," बाई यंत्रावरचा डोळा न काढता म्हणाली.

घ्या! तोंडानंच कबूल!

"कुणाच्या हुकमानं?"

"हुकूम कसला दादा? पक्ष्यांची मोजणी आहे. आम्ही दर हिवाळ्यात करतो."

"पाखरं मोजून काय, त्येंचा सातबारा काढायचाय का?"

बाई इतकी हसली की डबक्यातली टिटवी उडाली. तिचं नाव रत्नमाला. राहायला संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात, नोकरी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. यंत्र म्हणजे लांब नळीची दुर्बीण; तिच्या डोळ्याला एक काळी रिंग बसवायची, रिंगला मोबाईल, की लांबचं पाखरू मोबाईलमध्ये. तिनं त्रिंबकला बघायला दिलं. चमच्यासारख्या चोचीचा एक पांढरा पक्षी मान डावी-उजवीकडं हलवत पाणी चाळत होता, अगदी बानाबाई सुपात ज्वारी निवडते तसा.

"दिसला का चमच्या?"

"दिसला. गायरानबी दिसतं का ह्यातून?"

"फिरवलं तर दिसेल की."

फिरवलं तर दिसतं. त्रिंबकनं मनात गाठ मारली.

"आन् ही रिंग नसली तर?"

"मग काही खरं नाही. मोबाईल बसत नाही, फोटो नाही, पुरावा नाही."

ही दुसरी गाठ. कळप अडवायचा तर त्रिंबक सगळ्यात पुढचं मेंढरू धरायचा. इथलं पुढचं मेंढरू ही रिंग होती.

"बाई," तो एकदम मऊ होऊन म्हणाला, "एवढं बारीकसारीक सामान स्कुटीवर कामून नेता-आणता? ठिवा की मपल्या घरी. आमी हावच."

रत्नमालाबाईला तर हवंच होतं. रस्ता रुंद करायचं काम निघालेलं. धक्क्यांनी रिंगचे स्क्रू ढिले व्हायचे, आट्यांत धूळ बसायची. तिनं दुर्बीण आणि घोडी स्वतःकडं ठेवली. रिंग, चिमटे, ब्रश आणि धूळ उडवायचा रबरी फुगा मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात घालून त्रिंबकच्या हवाली केला. माणूस भला आहे, असं तिला वाटलं.

भला माणूस घरी जाऊन बानाबाईला म्हणाला, "आता मोजू दे की! चावी आपल्यापाशी हाय."

डब्यात निळ्या दाण्यांची एक पुडी निघाली. बानाबाईनं ती लांब धरली. "अवो, ही बाई उंदराचं औषध कामून देऊन गेली? मेंढरांना घालायचा बेत तर नाय?"

त्रिंबकनं आठवडाभर पुडी झाडाला टांगून ठेवली. मग रत्नमालाबाईनं सांगितलं, दाणे ओल शोषतात. गुलाबी झाले की तव्यावर तापवायचे. दाणे काही गुलाबी होईनात. हवेत ओल होतीच कुठं?

त्रिंबक रोज डबा उघडून नग मोजायचा. एकदा त्यानं लोकर कातरायच्या कात्रीला लावतात तसं आट्यांना गोडं तेल लावलं, तर धुळीचा चिखल होऊन रिंग अडकली. "दादा, हिला तेल नको, कोरडीच बरी," म्हणत बाईनं ब्रशनं एकेक आटा साफ केला आणि युक्ती शिकवली: रिंग आधी उलटी फिरवायची, टक् झालं की मग सुलटी. त्रिंबकला ही युक्ती लई आवडली. माणसांचंही असंच करावं, आधी उलटं फिरवून बघावं.

पानटपरीवाला बन्सी मात्र चारचौघांत म्हणायचा, "या, मोजणीबाईचे कोतवाल! गायरान विकलं का पुरतं?"

"तू चुना लाव," त्रिंबक म्हणायचा. पण ते बोलणं झोंबायचं. खरंच आपण चोरालाच तर ओसरी दिली नाय?

तिसऱ्या वर्षी डबकंही आटलं. रत्नमालाबाई आता माळावरचे चंडोल मोजायला यायची. आणि एका बुधवारी बांधावर जीप आली. दोन माणसं, पिवळी घोडी, वर यंत्र. यंत्राचं तोंड गायरानाकडं.

"काय करायलात साहेब?"

"पक्षी बघतोय मामा," टोपीवाला म्हणाला. दुसरा हातात उंच दांडा धरून उभा होता. तो म्हणाला, "चिडियां देखरे हम लोगां, चाचा. तुम जाओ."

"कोणतं पाखरू?"

"ते... बगळे."

तलाव ठणठणीत कोरडा. बगळे काय माती खात्यात? रिंग आता त्रिंबक रानात जातानाही जवळच ठेवायचा; त्यानं बंडीच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली ती काढली.

"पाखरांचं यंत्र आसंल तर ही बसंल. थांबा."

साहेब "अहो, अहो!" करेपर्यंत त्यानं ती यंत्राच्या डोळ्यावर चढवली. उलटी फिरवली. टक् काही होईना. रिंग तिथं पोरीच्या हातात आईची बांगडी तशी लोंबकळत राहिली.

"हे पाखरांचं न्हाय," त्रिंबक शांतपणे म्हणाला. "नोटीस दावा. ग्रामपंचायतीत लावली का?"

साहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात मेंढरांमागं उभ्या बानाबाईनं "हुर्र्र" केलं आणि साठ मेंढरं घोडीच्या पायांतून, दांड्याभोवतीनं वाहायला लागली. धूळ उठली, यंत्राला लोकरीशिवाय काही दिसेना. धूळ बघून बन्सी टपरी उघडी टाकून दहा माणसं घेऊन आला. नोटीस कुणाच्याच खिशात नव्हती. घोडीचे पाय मिटले.

"नोटीस घेऊनच येऊ," साहेब जीपमधून म्हणाला.

"या की. वाचून घिऊ."

रविवारी रत्नमालाबाई आली. त्रिंबकनं डबा दिला नाही. "आदी दुर्बीण हिकडं करा." त्यानं स्वतः रिंग लावली, उलटी फिरवली, टक्, मग सुलटी. चपखल बसली.

"दादा, दुसरं वर्ष चाललंय. अजून माझ्यावर शक?"

"तुमच्यावर न्हाय बाई. तीन पायांवर हाय. दर ऐतवारी बघणार." तो बाजूला सरला. "मोजा आता. आन् वहीत ल्हा, गायरानात मेंढरं साठ."

"अहो, मेंढरं पक्षी आहेत का?"

"नसू द्या. ती साहेबाच्या मोजणीत येणार न्हाईत. तुमच्या तरी येऊ द्या."

रत्नमालाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग गायरानाकडं. चंडोल अकरा, टिटव्या चार, असं लिहिलं होतं त्याच्या खाली तिनं तारीख टाकून मेंढरं लिहिली. त्रिंबकनं वही हातात घेतली, साठचा आकडा दोनदा तपासला आणि मगच परत दिली.