आजार अल्पसा नव्हता

सुरुवातीलाच क्षमा मागतो. या पुरवणीत मोठी माणसं लिहितात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि माझी शाळा सगळी हिंदीतून झाली. मराठी फक्त घरात बोलतो. चुका होतील. तरी लिहितोय, कारण महिन्याभरापूर्वी माझी मोठी बहीण शीला गेली तेव्हा पेपरात आलं, ‘अल्पशा आजाराने निधन’. तो मजकूर बाबांनी दिला होता. आजार अल्पसा नव्हता. शीलाताईला जन्मापासून सिकलसेल होता. हे नाव आमच्या घरात कोणी मोठ्याने घेत नसे. विचारलं तर सांगायचं, वात आहे.

या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला इतकंच दिसायचं की ताई अधूनमधून गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते, आणि आई तिला शेक देते. तिला ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत बुडी मारून झाली, दंडाला दोरे बांधून झाले. ती वीस वर्षं जगणार नाही, असं एका नातेवाइकाने तिच्यासमोरच सांगितलं होतं. वीस पूर्ण झाली त्या दिवशी ताईने त्यांना पेढे नेऊन दिले. दीक्षितपुऱ्यातल्या बालवाडीत ती शिकवायची. पाय दुखत असले की खुर्चीत बसून मुलांना म्हणायची, “आज मी राणी. चलो, सगळे दरबारात या.”

कारगिलच्या उन्हाळ्यात बाबांच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत डबल शिफ्ट सुरू होती. घरी आले की जेवता जेवता त्यांना डुलकी लागायची. त्याच दिवसांत ताईला दुखण्याचा मोठा झटका आला, रक्त चढवावं लागलं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं, घरच्यांना घेऊन आनुवंशिक सल्ल्यासाठी जा. बाबा सरळ नाही म्हणाले. घरात माझ्या लग्नाचा विषय होता. नागपूरच्या मामाची कांचन माझ्यासाठी, हे ती पाळण्यात असतानाच ठरलं होतं. आमच्यात मामाची मुलगी करतातच. आम्हा दोघांना कोणी कधी विचारलं नाही, आणि आम्हीही कधी एकमेकांशी धड बोललो नव्हतो. ताईचं म्हणणं एकच होतं, की लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा.

“आमच्या फॅक्टरीच्या शॉपमध्ये एक नग खराब निघाला तर पूर्ण लॉट थांबवतात,” बाबा म्हणाले. “तुझं नाव बाहेर गेलं तर या घरातलं कोणाचंच लग्न होणार नाही.”

“थांबवतात ना? काहून थांबवतात, बाबा?” ताई पलंगावरून म्हणाली. “तपासायलाच ना? की सगळा लॉट नर्मदेत फेकून देता?”

बाबांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण मी पाहिलं. पुढच्या सुट्टीला आम्ही चौघं गेलो.

तिथे काय होतं हे ठाऊक नसल्याने लोक घाबरतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लग्नाचा सल्ला म्हटल्यावर आईने सगळ्यांच्या पत्रिका लाल फडक्यात बांधून नेल्या होत्या. टेबलावर गाठोडं सोडायला लागली तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, “माताजी, ये मुझे पढ़नी नहीं आती. आप बस बताइए, घर में कौन-कौन हैं.” बाबांनी आपले भाऊ सांगितले, भावांचे मुलगे सांगितले. त्या थांबल्या. बहिणी? लग्न होऊन गेलेल्या मुली? आणि जी मुलं जगली नाहीत, ती? बाबांनी आईकडे पाहिलं. आमच्याकडे वंश सांगताना ही माणसं मोजतच नाहीत... मग आई म्हणाली, “गजू. शीलाच्या आधीचा. दीड वर्षाचा होता. हातपाय सुजायचे त्याचे.” मला एक भाऊ होता हे मला त्या खोलीत कळलं.

डॉक्टर बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढत समजावलं. आई-बाबा दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला आहे. त्यांना स्वतःला त्रास नाही, त्यांना वाहक म्हणतात. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाच्या वेळी हा आजार होण्याचा चारांत एक धोका असतो, आणि एक बाळ चांगलं निघालं म्हणून पुढच्याचा धोका कमी होत नाही. आईने हळूच विचारलं, “माझ्यामुळे झालं का?” त्या म्हणाल्या, यात कोणाचीच चूक नाही. डोळ्यांचा रंग कोणी निवडून देतं का? आई बाबांकडे न बघता रडली.

मी धीर करून विचारलं, मग मी लग्न करू की नको? मला वाटलं, त्या हो किंवा नाही सांगतील. त्यांनी दोन्ही सांगितलं नाही. आधी तपासणी. मग दोघं वाहक निघाले तर कोणते रस्ते आहेत ते सांगितलं. दुसरीकडे लग्न करता येतं. लग्न करून मूल न होऊ देता येतं किंवा दत्तक घेता येतं. मोठ्या शहरात जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. सगळं माहीत असूनही धोका पत्करणारेही असतात. निवड तुमची, घाई नाही, पुन्हा या. आणि ज्याचा रिपोर्ट त्यालाच मिळेल, त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या बापालाही नाही. बाबा त्यावर खुर्चीत सरकले. ताई म्हणाली, “डॉक्टर साहब, ये वाली बात ज़रा ज़ोर से बोलिए.”

त्यानंतर ताई ऐकेना. बालवाडीतल्या आयांना सांगायची, लग्नघरात सांगायची. संक्रांतीला मामा-मामी आले होते. आमच्याकडच्या हळदीकुंकवात ताई एकेकीच्या हातावर तिळगूळ ठेवत होती आणि म्हणत होती, मुलांचं रक्त तपासून घ्या. मामींना सहन झालं नाही. “सणासुदीला काय अभद्र बोलून राहिली शीला तू?”

“अभद्र काय त्याच्यात? मला सिकलसेल आहे, मामी. इथे उभी राहून लाडू देऊन राहिली ना मी? तुम्ही घाबरल्या कांचनसाठी. मी पण तिच्यासाठीच बोलून राहिली.”

बायका उठून गेल्या नाहीत. एकीने तिथेच दवाखान्याचा पत्ता विचारला. मामी मात्र जेवायला थांबल्या नाहीत.

फेब्रुवारीत ताईच्या छातीत संसर्ग झाला. या आजारात तो फार लवकर वाढतो. ऑक्सिजनची नळी लावलेली असताना तिने मला जवळ बोलावलं. तपासणी मी तोवर टाळलीच होती. मला वाटलं, काही शेवटचं सांगेल. म्हणाली, “गेला का तपासायला? नाही ना? जा, मग ये.” मी सुई टोचवून परत आलो तेव्हा ती झोपली होती... ती पुन्हा बोलली नाही. सव्वीस वर्षांची होती. ते वीस वर्षं सांगणारे नातेवाईकही आले होते. खाली मान घालून बसले.

मला ताईचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग आहे, त्या ‘अल्पशा’ शब्दाचा. ती रोज ज्याच्याशी लढली त्याचं नावही आम्ही तिला जाताना दिलं नाही. म्हणून ते इथे देतोय. इथपर्यंतचा लेख बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “गजूचं पण लिहिलंस?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “राहू दे, काढू नको.”

माझा रिपोर्ट मिळाला होता, मी वाहक आहे. कांचनचा कळत नव्हता. तिकडे तपासणी झाली की नाही हेच मामा सांगेनात. परवा संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर तिने मला बोलावून घेतलं.

“मी स्वतः जाऊन करून घेतली,” ती म्हणाली. “शीलाताईने सांगितलं होतं. तुझा आला?”

“आला. आहे.”

“माझ्यात पण आहे.”

मागून मामांचा आवाज येत होता, फोन ठेव म्हणून. कांचनने तोंड वळवून त्यांना सांगितलं, “पापा, एक मिनट रुको. हम लोग बात कर रहे हैं.”