खेळाच्या बाई आडव्या होतात

शाळेत सगळे त्यांना खेळाच्या बाई म्हणत. ‘दमलो’ हा शब्द त्यांना खपत नसे. घरी लेक जरा लोळली, की लगेच ओरडायच्या, "ऊठ, हाडांना गंज चढेल."

चाळिशी उलटली आणि संधिवाताने त्यांना गाठलं. सकाळी मूठ वळेना, गुडघे टम्म सुजलेले. बाईंनी दुखण्याशीच भांडण मांडलं. दुखलं की मुद्दाम जास्त धावायच्या. शेवटी एकदा उंच उडीची काठी लावताना मैदानातच खाली बसल्या, त्या उठेचनात. शिपाई आणि मुख्याध्यापकांनी खुर्चीत घालून त्यांना फाटकापर्यंत नेलं. सगळी शाळा बघत होती.

डॉक्टरांनी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती वयाने लहान होती, पण स्पष्ट बोलली. "हा आजार जाणारा नाही. तुम्ही अंग मोडल्यावर थांबता. मोडायच्या आधी थांबा."

"मला थांबता येत नाही."

"मग शिका. उंच उडी शिकलात तसंच."

शिकणं जड गेलं. गुडघ्यांखाली उशी घेऊन पाठीवर पडायचं. श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. मग पावलांपासून एकेक अवयव सैल सोडत वर यायचं. बाई सुरुवातीला छताचे पोपडे बघत नुसत्या चरफडायच्या. आपण दिवसभर दातावर दात आवळून वावरतो, हे त्यांना तेव्हा कळलं. एका दुपारी जबडा आपसूक सुटला आणि खांदे जमिनीला टेकले. दुखणं तिथेच होतं, पण त्याची पकड ढिली झाली होती.

मग त्या शाळेतही रिकाम्या तासाला खेळाच्या खोलीत चटई टाकू लागल्या. शिक्षकांत कुजबुज सुरू झाली. "कंबर आमचीही दुखते, आम्ही नाही पसरत." मुख्याध्यापक स्वतः आले.

"बाई, हे बरं दिसत नाही."

बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "खुर्चीतून उचलून नेलंत, ते बरं दिसत होतं का, सर?"

"निदान दार तरी लावून घ्या."

"नाही लावणार. मी चोरी करत नाहीये. पुढचा तास माझा आहे, तो नीट घेता यावा म्हणून पडलेय."

सर तोंड पाडून गेले. त्या वर्षी त्यांनी वार्षिक स्पर्धांचं काम बाईंकडून काढून दुसऱ्या शिक्षकांना दिलं. ते मात्र बाईंना लागलं. घरी येऊन लेकीसमोर रडल्या.

लेकीने विचारलं, "मग आता दार लावणार?"

"मुळीच नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

पुढे ग्रंथपाल बाई एकदा कपाळ दाबत दारात आल्या. अर्धशिशी त्यांना वर्षानुवर्षं छळत होती, पण शाळेत कुणाला पत्ता नव्हता.

"इथे जागा आहे का हो?"

बाईंनी सरकून जागा करून दिली.

स्पर्धा काही बाईंकडे परत आल्या नाहीत. काही सकाळी बोटं वळत नाहीत, तेव्हा अजून लेकच त्यांची वेणी घालते. बाई मात्र मैदानात खुर्ची टाकून शिकवतात, आणि मुलं धावून आली की त्यांनाही गवतावर आडवं व्हायला लावतात. एका पालकाने तक्रार केली, "मुलाला खेळायला पाठवतो, लोळायला नाही."

बाई म्हणाल्या, "धावायला कुणीही शिकवेल. थांबायला मी शिकवते. तुम्हीही या एकदा."