ताईच्या चार ओळी

माझ्या ताईला राग यायला फार काही लागत नसे, एक सिनेमा पुरायचा. एकवीस वर्षं ती आमच्या वर्तमानपत्रात देशोदेशीच्या सिनेमांवर लिहायची आणि मी तिथेच पानं लावायचो. युद्धपट असो, खूनखराबा असो नाहीतर खालच्या ओळी वाचत बघायची परभाषेतली रडारड, ही तिसऱ्या रांगेत मांडीवर वही घेऊन अंधारात खरडायची. घरी आली की चप्पल काढायच्या आधी सुरू. "तीन तास! तीन तास त्या मेल्याने मला बर्फात चालवलं!"

भुताच्या सिनेमाला घाबरली तर 'घाबरले' म्हणून छापायची. विनोदी सिनेमात दोनदाच हसू आलं, तर दोनदाच असं लिहायची. चांदण्या द्यायला साफ नकार. "मी काय मास्तरीण आहे, गुण द्यायला?" पण लोक तिच्या शब्दावर तिकीट काढत, आणि तेवढ्यावर ती जगत होती. पगाराचं तर विचारूच नका.

मग तो सिनेमा आला. पत्रकारांसाठी खास खेळ होता. हरवलेल्या मुलीला शोधत आई एका दारापुढे येते, हात कडीकडे जातो, आणि पडदा पांढरा. पुढे नावंसुद्धा नाहीत. एरवी शेवटचं नाव सरकेपर्यंत ताई खुर्ची सोडत नसे. त्या दिवशी सगळे समीक्षक एकमेकांकडे बघत माना डोलवायला लागले, आणि आमची शहाणीही डोलली. 'दार न उघडण्याची हिंमत' असं लिहून, वर्षातला सर्वोत्तम सिनेमा ठरवून मोकळी झाली. बाकीच्यांनीही तेच लिहिलं.

सिनेमा लागल्याच्या चौथ्या दिवशी थिएटरच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंचा फोन आला. "ताई, दार उघडतं की हो! आत मुलगी असते, दोघी गाणं म्हणतात, मग तिचं लग्न लागतं. लोक मला विचारतायत, तुमच्या ताईंनी कुठला सिनेमा पाहिला?"

सिनेमाच्या कंपनीने खास खेळासाठी धाडलेल्या प्रतीत शेवटची वीस मिनिटं नव्हतीच. ताई तिकीट काढून पूर्ण सिनेमा बघून आली. जगावर चिडलेली ती मी रोज बघायचो, स्वतःवर चिडलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "नावं आली नाहीत तेव्हा विचारायला तोंड नव्हतं का मला? अक्कल गहाण टाकली होती!"

पुढच्या परीक्षणाच्या शेवटी तिने चार ओळी जोडल्या. 'गेल्या आठवड्यात मी अर्धवट प्रत पाहिली. ती अर्धवट आहे हे मला कळायला हवं होतं. माझ्या भरवशावर तुम्ही तिकीट काढलंत. माफ करा.'

संपादक माझ्या टेबलापाशी आले. "हे काढ."

"पण चूक झालीय, साहेब."

"सगळ्यांची झालीय आणि सगळे गप्प आहेत. आपणच आपलं नाक का कापून घ्यायचं? रविवारी त्या कंपनीची पानभर जाहिरात आहे."

"ताईला विचारतो."

"पान लावणं तुझं काम. विचारणं नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी केलं काय? ओळी काढल्या. शेळपट! जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कोंबल्या.

सकाळी ताई स्वयंपाकघराच्या ओट्याशी पेपर घेऊन उभी होती. मी अंग चोरून शिव्यांची वाट बघत होतो.

"कोणी काढल्या?"

"संपादकांनी सांगितलं."

"काढल्या कोणी?"

"मी."

तिने पेपराची घडी घातली, चप्पल पायात सरकवली आणि निघाली. मी मागोमाग. "ताई, ओरड ना! बोल काहीतरी!" तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

ती थेट थिएटरवर गेली. तिकिटाच्या रांगेत एकेकापाशी थांबून सांगायला लागली, "ते परीक्षण माझं होतं. मी चुकले. सिनेमा मी सांगितला तसा नाही." काही हसले, काही रांगेतून बाहेर पडले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "अहो, मग आजच्या पेपरात छापलं का नाहीत?"

मी चार हातांवर उभा होतो. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"पानात जागा नव्हती," ती म्हणाली.

एकवीस वर्षांत वाचकाशी ती जाणूनबुजून पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी. त्यापेक्षा चारचौघांत माझ्या कानाखाली काढली असती तर बरं झालं असतं.